बाप्याचं नाव

शिवनेरीवर जन्मलेल्या मुलाला देवीचं नाव मिळालं, ही गोष्ट जुन्नरच्या पोरासोरांनाही पाठ असते. गडावर शिवाईचं ठाणं. जिजाऊंनी तिला साकडं घातलं, शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी, मुलगा झाला आणि देवीची आठवण म्हणून नाव ठेवलं शिवाजी. परमानंदाच्या ‘शिवभारता’त कारण जरा वेगळं आहे. शिवनेरीच्या माथ्यावर जन्मला म्हणून शिव, असं तो सांगतो. पण कवीच्या संस्कृतापेक्षा गडाखालच्या बायांचं म्हणणं जास्त टिकलं. मलाही तेच पटतं, कारण भोसल्यांच्या घरात असं काही पहिल्यांदाच घडत नव्हतं. आजोबा मालोजींनी मुलासाठी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला होता अशी आख्यायिका आहे, आणि त्यांच्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. बापाला पिराचं नाव, लेकाला देवीचं. ज्याच्यापाशी पदर पसरला त्याचं नाव द्यायचं. तो कुठल्या धर्माचा, बाई की बाप्या, याची चौकशी कोण करतो?

शिवनेरीवरून उत्तरेला पाहिलं की कुकडीच्या पल्याड लेण्याद्रीचा डोंगर दिसतो. तीनेकशे पायऱ्या चढून गेलं की बौद्ध लेण्यांच्या रांगेतल्या सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी एक गणपती भेटतो, गिरिजात्मज. पार्वतीनं मुलासाठी इथं बारा वर्षं तप केलं, अशी कथा आहे. त्याच तालुक्यातला ओझरचा गणपती विघ्नेश्वर, म्हणजे स्वतःच्या कर्तबगारीवर ओळखला जाणारा. लेण्याद्रीचा मात्र आईच्या नावावर. जुन्नरहून आणखी पश्चिमेला नाणेघाटात गेलात तर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, आणि त्याच घराण्यातले पुढचे राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आयांची नावं छातीवर मिरवत राज्य करून गेले. इकडे आमच्या आंबेगाव तालुक्यात धामणीचा खंडोबा. तोही म्हाळसाकांत म्हणवून घेतो. बायकोच्या नावानं हाक मारली म्हणून त्याचं देवपण काही उणं झालेलं नाही.

गावातल्या बाप्यांचंही तेच. सीताराम, गंगाराम, अंबादास, उमाजी, रखमाजी. रखमाजी म्हणजे सरळसरळ रखुमाई धोतर नेसून उभी. त्याला कुणी कधी विचारलं नाही की बाबा रे, तुझ्या आईला मुलगी हवी होती काय?

मुलाला बाईचं नाव दिलं तर ती भक्ती होते, कधी कधी इतिहास होतो. मुलीला बाप्याचं दिलं की शेजारीण कनवाळूपणानं जवळ येते आणि विचारते, “मुलाची हौस होती का गं?”

हे मी ऐकीव सांगत नाही. २०२४ च्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं झालं आणि मी आत्या. आत्याचा हा एकच हक्क असा आहे की ज्यावर अजून कुणी गदा आणलेली नाही. बाळाच्या कानात नाव पहिल्यांदा तीच सांगणार. भावानं आणि वहिनीनं नाव आधीच ठरवलं होतं आणि मला फोनवर सांगितलं होतं. धामणीच्या खंडोबाचं एक नाव. कोणतं ते मी इथं लिहीत नाही, कारण मुलगी अजून लहान आहे आणि तिचं नाव छापायचं की नाही हे तिला विचारता येत नाही. पण आपल्याकडे त्या नावाचा मुलगा प्रत्येक शाळेत एक तरी निघतो, मुलगी मात्र मी पाहिलेली नव्हती.

घोडनदीच्या काठी आमचं गाव. सोप्यातल्या तुळईला पाळणा टांगलेला, त्याला झेंडूच्या माळा आणि विजेच्या लुकलुकणाऱ्या माळा दोन्ही. घुगऱ्यांचं पातेलं उतरलेलं. बाळाला आंघोळ घालून, कपाळावर आणि गालावर काजळाची तीट लावून आणलं होतं. आणि पाटावर बाळाच्या शेजारी गोप्या तयार होता. ज्यांनी बारसं नीट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, गोप्या म्हणजे घरातला वरवंटा. त्याला स्वच्छ धुऊन, हळदीकुंकू लावून, बाळाची कुंची घालतात, म्हणजे दगडाला टोपरं आणि पाठीवर झूल. मग दोन बाया पाळण्याच्या अल्याड-पल्याड उभ्या राहतात. एकीनं गोप्याला पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं वरून घ्यायचं, गोविंदाचं, गोपाळाचं नाव घेत. मग त्याच वाटेनं बाळ जातं. म्हणजे पाळण्यात लेक असो की ल्योक, पहिला मान दगडाच्या पोराचा. माझ्या एका चुलतीनं तर त्या वरवंट्याच्या तोंडाच्या जागी काजळाचे दोन डोळेही काढले होते. एक डोळा जरा वर गेला होता, त्यामुळे गोप्या सगळ्या कार्यक्रमात संशयानं बघत असल्यासारखा दिसत होता.

मी वाकले. बाळाच्या कानाशी तोंड नेलं, वरून बायांनी लुगड्याचा पदर धरला, नाव सांगितलं, कुर्र केलं. रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे बसले. त्यातले दोन-तीन चांगलेच मनापासून होते. मग प्रश्न आला, “आत्याबाई, काय ठिवलं नाव?”

मी सांगितलं.

घुगऱ्या वाढणारीचा हात थांबला. “आगं पण ही लेक हाय ना?”

“हो.”

“मंग?”

या ‘मंग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, “आसू दे गं. पुढच्या टायमाला देव देईल. नाव आधीच दिऊन ठिवलं की देवाला बी कळतंय.” वहिनी भिंतीला टेकून बसली होती, ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेली. ती तिथूनच म्हणाली, “काकी, आम्हाला हिचीच हौस होती.” आवाज चढवला नाही, की हसलीही नाही. काकींनी घुगऱ्यांचा डाव पुन्हा पातेल्यात घातला.

भावाचं कारण अगदी साधं होतं. आमच्या घरात पहिल्या मुलाला कुलदैवताचं नाव द्यायची पद्धत आहे. पहिलं मूल झालं, पद्धत पाळली. यात क्रांती वगैरे काही नाही, उलट हा माणूस खंडोबाच्या बाबतीत जरा जास्तच जुन्या वळणाचा आहे. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत खाल्ल्याशिवाय त्याचा दिवस सरत नाही. त्याला विचारलं की लोक नावं ठेवतील, तर तो म्हणाला, “लोकांना ठेवू दे की. आपण एकच ठेवलंय.”

खरी गंमत पुढं झाली. सगळ्यांत म्हातारी चुलतआजी, जिला ऐकू कमी येतं म्हणून कुणी विचारात घेतलं नव्हतं, तिनं शेजारणीकडून नाव दोनदा वदवून घेतलं आणि म्हणाली, “मग त्यात काय झालं? आमच्या आळीत निम्म्या बाया बाप्यांच्याच नावाच्या व्हत्या.” आणि बोटं मोडत मोजायला लागली. विठाबाई, तुकाबाई, कोंडाबाई, धोंडाबाई, दगडाबाई, केराबाई, भिकाबाई…

तेव्हापासून ही यादी माझ्या डोक्यातून गेली नाही. जुन्या मराठी नावांचा कारखाना कसा चालायचा ते तीत दिसतं. नावाचा मूळ तुकडा एकच. त्याला जी किंवा बा शिवला की बाप्याच्या अंगाचा, बाई शिवली की बाईच्या. तुकोजी आणि तुकाबाई, विठोजी आणि विठाबाई, कोंडाजी आणि कोंडाबाई. इतिहासाच्या पुस्तकातही तेच. स्वराज्याचा सरदार येसाजी कंक आणि संभाजी महाराजांची राणी येसूबाई. शिवाजी महाराजांची लेक राणूबाई आणि पुढच्या शतकातले शिंद्यांचे राणोजी. शहाजीराजांची दुसरी राणी तुकाबाई, व्यंकोजीराजांची आई. यांतलं कुठलं नाव मूळ पुरुषाचं आणि बाईनं उसनं घेतलेलं, हे ठरवायला बसलात तर संध्याकाळ होईल आणि ठरणार नाही. आमच्याच डोंगरात बघा. भीम हे महादेवाचं नाव, भीमाशंकराच्या पायथ्याशी ते नदीला लागलं, नदीचं नाव घरोघरच्या भीमाबायांना मिळालं. बाबासाहेब आंबेडकरांच्या आईचं नाव भीमाबाई आणि लेकाचं भीमराव. देवापासून नदीकडे, नदीपासून बाईकडे, बाईनंतर पुन्हा बाप्याकडे. नाव एकच, ते फिरून आलं.

मग शाळा आल्या, कादंबऱ्या आल्या, सिनेमा आला. धोंडाबाईच्या लेकी शकुंतला आणि मंदाकिनी झाल्या, नाती स्वाती आणि अश्विनी. संस्कृतातून नाव घेतलं की त्याचं लिंग घट्ट असतं. विजय तो विजय, विजया ती विजया. एक काना इकडचा तिकडे झाला तर माणूस बदलतो. आता एसटी स्टँडवर बाळांच्या नावांची पुस्तकं मिळतात. ती मधोमध दुभागलेली असतात, पुढं मुलांची नावं, मागं मुलींची. माझं म्हणणं असं आहे की ‘मुलीला मुलाचं नाव’ हा प्रश्न त्या पुस्तकाच्या मधल्या पानावर जन्मला. चुलतआजीच्या आळीत तो नव्हता. तिथं इतर प्रश्न ढीगभर होते, हा नव्हता.

त्या यादीतलं पहिलं नाव मी मुद्दाम मागं ठेवलंय. विठाबाई म्हटलं की जुन्नर तालुक्यात एकच विठाबाई आठवते. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक, आत गादी, टेबल, तारखांची वही. आणि गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं सुपारी ठरवायला एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरत असतात. या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. तिथल्या भाऊ-बापू मांग नारायणगावकर फडातल्या भाऊंची लेक विठा १९३५ साली जन्मली ती मात्र खऱ्या पंढरीत. पंढरपुरात झाली म्हणून विठा, असं सांगतात.

या नावात केवढं धाडस होतं ते तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कळतं. फडाच्या नावातच जात होती, मांग. त्या जातीच्या माणसाला १९३५ साली पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. दार उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ च्या मे महिन्यात. म्हणजे ज्या देवाच्या दारात बापाला उभं राहता येत नव्हतं, त्याचं नाव त्यानं उचलून लेकीला दिलं आणि ती ते घेऊन बारा वर्षं आधीच महाराष्ट्रभर फिरायला लागली. देवाच्या नावावर बडव्यांचा पहारा नव्हता. आणि त्या देवालाही या नावाची सवय होतीच. जनाबाईनं विठ्ठलाला अभंगात विठाबाई म्हणून केव्हाच हाक मारलेली आहे; वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांना माऊली करून टाकलं. तेव्हा भाऊंनी लेकीला बाप्याचं नाव दिलं की बाईचं, हे सांगायला जनाबाईलाच बोलवावं लागेल.

विठाबाईंबद्दल एक प्रसंग सगळीकडे सांगितला जातो. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पोटाला कापड कसून पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. प्रेक्षकांना समजलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. हा प्रसंग सांगताना लोक हटकून म्हणतात, “बाई कसली, मर्द होती.” मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येतं. बाळंत होण्यात मर्दानी काय आहे? जगात एकच काम असं आहे की जे कुठल्याही मर्दाच्या हातून व्हायचं नाही, ते करून आलेल्या बाईला शाबासकी द्यायला यांना मर्दाचाच शब्द सापडतो. १९५७ साली त्यांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला, २००२ साली त्या गेल्या, आणि शेवटची वर्षं हलाखीत गेली हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आता राज्य सरकार दरवर्षी त्यांच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. कित्येक पुरुष कलावंत त्या पुरस्कारासाठी डोळे लावून बसतात. बाईच्या नावाचा पुरस्कार घ्यायला कुणाला संकोच झाल्याचं ऐकिवात नाही.

‘मर्द होती’चंच घरगुती रूप म्हणजे ‘आमची मुलगी म्हणजे आमचा मुलगाच’. मंचरच्या बाजारात भेटलेला ओळखीचा माणूस हे मोठ्या अभिमानानं सांगतो, आणि लेक शेजारीच उभी असते, हातात फ्लॉवरची पिशवी घेऊन. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. लेकीनं ट्रॅक्टर चालवला, मोटार दुरुस्त केली, बँकेचं कर्ज फेडलं. पण या सगळ्याबद्दल तिला जे बक्षीस मिळालं ते असं की तिला मुलगी या पदावरून बढती मिळाली. पद मात्र होतं तिथंच, खालचं.

म्हणून काकींचा प्रश्न मी सोडून देऊ शकत नाही. ‘मंग?’ म्हणजे मुलाची हौस होती का, असं विचारणारी बाई वाईट नव्हती; तिनं आयुष्यभर जे पाहिलं त्यावरून विचारलं. मुलीचं नाव हे पुष्कळदा मुलीसाठी नसतंच. ते देवाला धाडलेलं पत्र असतं, पुरे झालं, आता दुसरं धाड. साताऱ्याकडे अशा पत्राला नकुशी म्हणत. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलण्यात आली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते, हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र धरलेल्या मुलींचे. काहींनी नट्यांची नावं घेतली होती. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. गर्भलिंगचिकित्सेविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, याच राज्यानं केला होता. कायदा होता, तरी आकडा खाली गेला. तेव्हा बारशात मुलीचं नाव बाप्याचं निघालं की बायांच्या मनात पहिला संशय हाच यायचा. नावावरून तो फिटत नाही. वहिनीसारखं कुणीतरी भिंतीला टेकून स्पष्ट सांगावं लागतं.

दगड-धोंड्यांची नावं वेगळी. ती मुलालाही आणि मुलीलाही. आधीची पोरं दगावली की पुढच्याला धोंडू, केरू, भिकू म्हणायचं, म्हणजे यमाला वाटावं की हे न्यायच्या लायकीचं नाही. तशा घरात मुलीचं नाव धोंडाबाई ठेवणं हा तिचा अपमान नव्हता. ती जगावी म्हणून केलेली ती लबाडी होती. मुलगी जगावी असं वाटणाऱ्या घरातच ही लबाडी करत. चुलतआजीच्या यादीत तीन-चार अशी नावं होती हे नंतर माझ्या लक्षात आलं आणि बरं वाटलं.

एका गोष्टीत मात्र त्या जुन्या नावांना सासरी अडचण यायची. घरातल्या बायांनी नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव उच्चारायचं नाही; नावासारखा शब्दही टाळायचा. आता सासरा विठोबा आणि सून विठा आली, तर सासूनं सुनेला हाक मारायची कशी? मग तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं जायचं आणि बापानं दिलेलं विठा तिथंच, त्या तांदळात, संपायचं. नाव देवाचं होतं म्हणून नव्हे, ते घरातल्या एका बाप्याशी जुळत होतं म्हणून. दोन्ही नावं राखून सासऱ्यानंच आपलं बदलून घेतल्याचं एकही उदाहरण मला कुणी सांगितलेलं नाही.

बाहेरच्या जगातही हे तिढे आहेत. शार्लट ब्राँटीच्या १८४९ सालच्या कादंबरीतली शर्ली अशीच आहे. आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी, तर मुलासाठी ठरवलेलं नाव तिलाच दिलं. तेव्हा ते पुरुषाचं नाव होतं. कादंबरी इतकी वाचली गेली की आज शर्ली नावाचा पुरुष शोधून सापडणार नाही. ज्या नावानं तिच्या मुलगी असण्याची खंत सांगितली होती, ते नाव मुलींनी पुरुषांकडून कायमचं काढून घेतलं. जर्मनीत तर आपलं किरण कोर्टात गेलं. भारताशी नातं असलेल्या एका कुटुंबानं मुलीचं नाव किरण ठेवलं. नोंदणी करणारा अधिकारी म्हणाला, यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, सोबत कळेल असं आणखी एक नाव जोडा. आईबाप थेट कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयापर्यंत गेले आणि ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयानं सांगितलं की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही. आपल्याकडे किरण, सुमन, कमल, शीतल, कांचन, शशी ही नावं कुठल्याही कोर्टात न जाता दोन्हीकडे नांदतात. पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या यादीत दोन किरण असतात आणि पहिल्या दिवशी एकाला उगाच उभं राहावं लागतं, एवढाच त्रास.

आणि खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलीला बाप्याचं नाव जन्मतःच मिळतं. ते मधे असतं. बापाचं. लग्न झालं की ते काढून तिथं नवऱ्याचं घालतात. आडनाव बदललं तर मैत्रिणी हळहळतात, पहिलं नाव बदललं तर आई रडते, पण मधलं बदलतं त्याची वाच्यता कुणी करत नाही, जणू ती मुलीची नव्हेच, बाप्यांची आपसातली देवघेव. राज्य मंत्रिमंडळानं ११ मार्च २०२४ रोजी एक चांगलं काम केलं. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावात सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. गौतमीपुत्रांच्या मुलखात हे व्हायला दोनेक हजार वर्षं लागली, तरी झालं.

माझी भाची त्या तारखेनंतर जन्मली. त्यामुळे तिचं पूर्ण नाव असं होतं की पहिलं देवाचं, दुसरं आईचं, तिसरं बापाचं, चौथं घराण्याचं. वाचताना मधे एकदा श्वास घ्यावा लागतो. भाऊ दाखला आणायला गेला. दाखल्यावर नाव, तारीख, गाव, सगळं अचूक होतं. लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’ छापलेलं होतं. दवाखान्यातून गेलेल्या कागदावर ‘स्त्री’ होतं, पण संगणकावर नोंद करणाऱ्या माणसानं नाव वाचलं आणि पुढचं डोळ्यांनी पाहायची गरज त्याला वाटली नाही. कोणतं कार्यालय ते सांगण्यात अर्थ नाही, दुसऱ्या कुठल्याही कार्यालयात हेच झालं असतं.

खिडकीपलीकडचा माणूस समजूतदार होता. त्यानं चष्मा वर केला, दाखला पाहिला, भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, “दादा, असं करा ना, नावच बदलून घ्या. म्हणजे पुढं शाळेत, आधारला, कुठंच घोळ होणार नाही.”

भाऊ म्हणाला, “साहेब, नाव बरोबर आहे. तुमचं लिंग चुकलंय.”

मागच्या रांगेतली माणसं हसली, साहेबही हसले, आणि दुरुस्तीचा अर्ज घेतला गेला. सोबत दवाखान्याचा कागद, दोघांची आधार कार्डं, प्रतिज्ञापत्र. तीन आठवड्यांनी नवा दाखला आला. ‘स्त्री’ अगदी ठळक छापलेलं होतं. फक्त वहिनीच्या नावातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झाली होती. भावाचं म्हणणं, चालतंय की, कोण बघतंय. वहिनी म्हणाली, “तुमच्या खंडोबासाठी अर्ज केला ना? मग माझ्यासाठीही करा.” सोमवारी तो पुन्हा रांगेत उभा होता.